वस्तीशेजारी डेटा सेंटर येतं तेव्हा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनपासून तासाभराच्या अंतरावर, प्रिन्स विल्यम काउंटी आहे. तिथला पेजलँड लेन हा रस्ता मनॅससच्या रणभूमीला लागून जातो. यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी या माळावर झाली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी. रस्त्याच्या आसपास शेतं आहेत, घोड्यांचे तबेले आहेत, नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या वसाहती आहेत. याच रस्त्यालगतच्या सुमारे २,१०० एकरांवर ‘डिजिटल गेटवे’ नावाचं डेटा सेंटर संकुल उभं करायचा प्रस्ताव पुढे आला. क्यूटीएस आणि कम्पास या दोन कंपन्या, जास्तीत जास्त ३७ इमारती आणि दोन कोटी चौरस फुटांहून अधिक बांधकाम, असा त्याचा आवाका होता.

रहिवाशांनी विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. त्यात निवडणूक झाली, रात्रभर चाललेल्या सुनावण्या झाल्या, कोर्टाचा निकाल आला. प्रत्येक टप्प्याची नोंद सार्वजनिक असल्याने ही लढाई टप्प्याटप्प्याने समजून घेता येते. महाराष्ट्रातही डेटा सेंटर्स झपाट्याने उभी राहत असताना ती समजून घेणं आपल्या उपयोगाचं आहे. शेजारी असं केंद्र आलं तर नेमकं काय बदलतं, परवानगी कोणत्या पायऱ्यांनी मिळते आणि सामान्य माणसाचा शब्द कोणत्या पायरीवर मोजला जातो, या तीन गोष्टी इथे क्रमाने पाहू.

भिंतीच्या आत काय चालतं

डेटा सेंटर म्हणजे संगणकांचं गोदाम, इतपत कल्पना बहुतेकांना असते. पण शेजाऱ्याच्या दृष्टीने ती उष्णता तयार करणारी आणि ती बाहेर फेकणारी इमारत असते. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. १०० मेगावॉट वीज घेणारं केंद्र रात्रंदिवस जवळपास १०० मेगावॉट उष्णता तयार करतं, आणि ती बाहेर काढली नाही तर यंत्रं काही मिनिटांत बंद पडतात.

ही उष्णता काढायचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला पाण्याच्या बाष्पीभवनाचा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडतं: पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट उष्णता लागते. हिशेब केला तर एक मेगावॉट उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने काढायला दिवसाला सुमारे ३६,००० लिटर पाणी लागेल, आणि १०० मेगावॉटला ३६ लाख लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरतात. त्या मापाने हे सव्वीस हजारांहून अधिक लोकांचं रोजचं पाणी झालं.

दुसरा मार्ग पाणी जवळपास न वापरण्याचा. बंद नळ्यांतून द्रव फिरवायचा आणि छतावरच्या मोठमोठ्या पंख्यांनी उष्णता हवेत सोडायची. यात पाणी वाचतं, पण वीज जास्त जाते आणि पंख्यांचा आवाज वाढतो.

वादाची किल्ली या अदलाबदलीत आहे. ‘आमचं केंद्र पाणी वापरत नाही’ असं कंपनी म्हणते तेव्हा ते खरं असू शकतं. पण त्याच वेळी विजेचं आणि आवाजाचं काय होणार, हे विचारायला हवं. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची लेखापरीक्षण समिती ‘जेएलएआरसी’ या नावाने ओळखली जाते. तिने डिसेंबर २०२४ मध्ये डेटा सेंटर्सवर सविस्तर अहवाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की राज्यातली बहुतेक केंद्रं मोठ्या कार्यालयीन इमारतीइतकंच किंवा त्याहून कमी पाणी वापरतात, मोजकी मात्र खूपच जास्त वापरतात. त्यामुळे सगळ्या केंद्रांना एकच आरोप लावून चालत नाही. समोर आलेल्या प्रस्तावात शीतकरणाची पद्धत कोणती आहे, तिथून सुरुवात करावी लागते.

न थांबणारा आवाज

मनॅससजवळ ग्रेट ओक नावाची वसाहत आहे. तिच्या शेजारी ॲमेझॉनची डेटा सेंटर्स सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रहिवासी तक्रार करू लागले: एक घुमणारा आवाज येतो, तो रात्रीही थांबत नाही, खिडक्या लावल्या तरी आत शिरतो. पुढे कंपनीने पंख्यांवर आवाज रोखणारी आच्छादनं बसवली. पण या तक्रारीतून एक तांत्रिक गोष्ट सगळ्या काउंटीला कळली.

आवाज मोजायच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. बहुतेक कायदे ‘ए’ पट्टीने मोजतात. माणसाच्या कानाला हलके आवाज जसे ऐकू येतात तशी ती बेतलेली असल्याने खालच्या पट्टीतल्या, म्हणजे खर्जातल्या आवाजांचं वजन ती खूप कमी करते. ६३ हर्ट्झच्या आवाजातून ही पट्टी सुमारे २६ डेसिबल वजा करते, तर १०० हर्ट्झच्या आवाजातून १९. ‘सी’ पट्टी ६३ हर्ट्झला एक डेसिबलही वजा करत नाही. पंखे, ट्रान्सफॉर्मर आणि चिलर यांची घरघर मुख्यतः याच खर्जात असते. परिणामी मीटर ‘मर्यादेत’ दाखवतो आणि झोपायच्या खोलीतल्या माणसाला मात्र झोप लागत नाही. त्या माणसाची तक्रार खरी असते, फक्त मोजमापाचा नियम तिच्यासाठी बनलेला नसतो.

भारतातले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही ‘ए’ पट्टीवरच आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. लाऊडस्पीकरसाठी ही मर्यादा बरीच उपयोगी पडते. सतत घुमणाऱ्या यंत्रासाठी मात्र रहिवाशांनी ‘सी’ पट्टीचं आणि वेगवेगळ्या कंपनसंख्यांचं मोजमाप मागायला हवं. तेही केंद्र सुरू होण्याआधी, कारण आधीची शांतता मोजलेली नसेल तर नंतरचा फरक सिद्ध करता येत नाही.

वीज, तारा आणि डिझेल

१०० मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला २४ लाख युनिट वीज घेतं. महिन्याला २०० युनिट वापरणारी साडेतीन लाखांहून अधिक घरं तेवढीच वीज वापरतात. इतकी वीज आणायला सबस्टेशन लागतं, उच्चदाब वाहिन्या लागतात, त्यांच्या मनोऱ्यांसाठी जमिनीचे पट्टे लागतात. म्हणून डेटा सेंटरचा परिणाम त्याच्या कुंपणापाशी संपत नाही. केंद्रापासून कित्येक किलोमीटर दूर राहणाऱ्याच्या अंगणातूनही वाहिनी जाऊ शकते.

वीज गेली तरी केंद्र थांबता कामा नये, म्हणून डिझेल जनरेटरांच्या रांगा उभ्या असतात. ते रोज चालत नाहीत, पण ठरावीक काळाने चाचणीसाठी चालवावे लागतात. अनेक केंद्रं एकाच परिसरात आली की चाचण्यांचा धूर आणि आवाज एकमेकांत मिसळतो. एका प्रस्तावापुरता हिशेब मांडला तर हा एकत्रित परिणाम कोणाच्याच कागदावर येत नाही.

बिलाचा प्रश्नही आहे. जेएलएआरसीच्या २०२४ च्या अहवालानुसार तेव्हा डेटा सेंटर्स त्यांच्या विजेचा खर्च भरून देत होती, पण मागणी अशीच वाढत गेली तर नव्या वीजनिर्मितीचा आणि वाहिन्यांचा भार सर्वच ग्राहकांच्या दरावर पडण्याची शक्यता आहे. मागणीला अडसर आला नाही तर राज्याची विजेची गरज दहा वर्षांत दुप्पट होईल, असंही त्या अहवालात म्हटलं आहे.

मग गावं होकार का देतात?

कारण पैसा खरा आहे. शेजारच्या लाउडन काउंटीत, ॲशबर्नच्या आसपास, नव्वदच्या दशकापासून इंटरनेटचे मोठे जोड तयार झाले आणि त्यांच्याभोवती डेटा सेंटर्स जमत गेली. राज्याने यंत्रसामग्रीवरच्या विक्रीकरात सूट दिली. आज उत्तर व्हर्जिनिया ही जगातली सर्वांत मोठी डेटा सेंटर बाजारपेठ आहे. २०२४ मध्ये जगभरातल्या चालू क्षमतेपैकी सुमारे १३ टक्के तिथे होती. अनेक मराठी कुटुंबंही याच पट्ट्यात राहतात, आणि त्यांच्यापैकी काहींची रोजीरोटी याच उद्योगाशी जोडलेली आहे.

स्थानिक करांतून शाळा आणि रस्ते होतात. जेएलएआरसीने पाहिलेल्या भागांत डेटा सेंटर्सचा स्थानिक महसुलातला वाटा एक टक्क्याहून कमी ते ३१ टक्क्यांपर्यंत होता. शाळेत मुलं पाठवत नाही आणि तरी कर भरतं, असं हे गिऱ्हाईक कोणत्याही काउंटीला हवंसं वाटतं. रोजगाराचं चित्र मात्र बारकाईने पाहावं लागतं. बांधकाम ऐन भरात असताना एका केंद्रावर दीड हजारांपर्यंत लोक काम करतात. ते उभं राहिल्यावर अडीच लाख चौरस फुटांच्या इमारतीत कायम नोकऱ्या साधारण पन्नास उरतात.

पेजलँड लेनवर तर जमीनमालकांचा एक मोठा गट स्वतःच प्रस्तावाच्या बाजूने होता. त्यांच्या जमिनीवरून आधीच उच्चदाब वाहिन्या गेल्या होत्या, वाहतूक वाढली होती, आणि डेटा सेंटरवाले शेतजमिनीच्या नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट द्यायला तयार होते. आपल्या जमिनीचं आपण काय करावं, हा त्यांचा प्रश्न वाजवी होता. शेजाऱ्यांचा प्रश्नही तितकाच वाजवी होता: एकाने जमीन विकल्याचा परिणाम दुसऱ्याने जन्मभर का सोसावा? दोन्ही बाजू आपल्याच गावातल्या असतात, म्हणून निर्णयाची रीत स्वच्छ असणं फार महत्त्वाचं ठरतं.

परवानगी मिळते कशी

अमेरिकेत जमिनीचा वापर ठरवणं हे मुख्यतः स्थानिक शासनाचं काम आहे. प्रिन्स विल्यममध्ये ते आठ सदस्यांच्या सुपरवायझर मंडळाकडे आहे. पायऱ्या साधारण अशा:

पहिली पायरी, दीर्घकालीन विकास आराखडा. कोणत्या भागाचं भवितव्य काय, हे यात ठरतं. १९९८ पासून या काउंटीत एक ग्रामीण पट्टा राखलेला होता. तिथे साधारण दहा एकरांना एक घर असा नियम होता आणि पेजलँड लेन त्याच पट्ट्यात येत होता. १ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चाललेल्या बैठकीत मंडळाने या भागासाठीचा आराखडा ५ विरुद्ध २ मतांनी बदलला.

दुसरी पायरी, रीझोनिंग, म्हणजे त्या विशिष्ट जमिनीचा वापर कायद्याने बदलणं. आराखडा दिशा सांगतो, रीझोनिंग हक्क देतं. कंपनी किती उंच बांधेल, सीमेपासून किती अंतर सोडेल, आवाज किती ठेवेल, या अटी इथेच लेखी होतात. इथे न लिहिलेलं आश्वासन पुढे कोणी पाळायला लावू शकत नाही.

तिसरी पायरी, नियोजन आयोगाची शिफारस. ती सल्ल्यापुरती असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने डिजिटल गेटवे नाकारावं, अशी शिफारस केली.

चौथी पायरी, जाहीर नोटीस, सुनावणी आणि मतदान.

या पायऱ्यांच्या मधोमध निवडणूकही आली. मंडळाच्या अध्यक्ष ॲन व्हीलर प्रकल्पाच्या बाजूने होत्या. जून २०२३ मध्ये त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत देशुंड्रा जेफरसन यांनी त्यांना हरवलं. जेफरसन यांचा प्रचार याच प्रश्नावर उभा होता आणि नोव्हेंबरमध्ये त्या निवडून आल्या. पण नवं मंडळ जानेवारीत बसणार होतं. जुन्या मंडळाने १२ डिसेंबरला सुनावणी सुरू केली. ती सुमारे २७ तास चालली, शेकडो नागरिक बोलले, आणि १३ डिसेंबरला ४ विरुद्ध ३ मतांनी, एक सदस्य तटस्थ असताना, रीझोनिंग मंजूर झालं.

लोकांनी मतपेटीतून दिलेला कौल आणि मावळत्या मंडळाचा निर्णय यांच्यातली ही तफावत अनेकांना असह्य वाटली, आणि ती वाटणं योग्यच होतं. पण कोर्टात निव्वळ संतापावर भागत नाही.

कोर्टात काय टिकलं

ओक व्हॅली या लगतच्या वसाहतीची रहिवासी संघटना आणि शेजारचे नागरिक कोर्टात गेले. रणभूमी जपण्यासाठी काम करणारी अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट ही संस्थाही स्वतंत्र दाव्यात उतरली. मांडण्यासारखे मुद्दे पुष्कळ होते: इतिहास, पाणी, आवाज, मतदानाची वेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीश किंबर्ली आयर्विंग यांनी रीझोनिंग मुळापासूनच रद्द ठरवलं ते नोटिशीच्या मुद्द्यावर. कायद्यानुसार सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात ठरावीक अंतराने दोनदा यावी लागते आणि जाहिरात आल्यावर प्रस्तावाची कागदपत्रं लोकांना पाहायला मिळावी लागतात. ते नीट झालं नाही, असा निष्कर्ष निघाला. निकालाविरुद्ध काउंटी आणि कंपन्या अपिलात गेल्या.

कोणी म्हणेल, ही तर तांत्रिक बाब. मला तसं वाटत नाही. माहिती वेळेवर मिळाली नाही तर सुनावणीत २७ तास बोलूनही नागरिकाला नेमका प्रश्न विचारता येत नाही. नोटीस हा नागरिकाचा पहिला हक्क आहे, आणि तो मोडला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळतात. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्येही हेच दिसलं. तिथे ‘प्रोजेक्ट ब्लू’ नावाच्या डेटा सेंटरची बरीच माहिती गोपनीयतेच्या करारांमागे होती. लोक खवळले, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी नगर परिषदेने ७ विरुद्ध ० मतांनी तो प्रकल्प पुढे न नेण्याचा निर्णय घेतला.

प्रिन्स विल्यमच्या लोकांपाशी जुना अनुभवही होता. १९८८ मध्ये रणभूमीला लागून मॉल येऊ घातला, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ती जमीन ताब्यात घेतली. १९९३ मध्ये डिस्नेने याच काउंटीत, हेमार्केटजवळ, इतिहासावरचं करमणूक उद्यान जाहीर केलं आणि सप्टेंबर १९९४ मध्ये विरोधापुढे माघार घेतली.

सर्वांत टिकाऊ बदल मात्र शेजारच्या लाउडनमध्ये दिसतो. तिथे काही क्षेत्रांत डेटा सेंटर ‘हक्काने’ बांधता येत असे: जमीन त्या वापरासाठी आधीच खुली असल्याने ना जाहीर सुनावणी, ना मतदान. मार्च २०२५ मध्ये तिथल्या मंडळाने ही वाट बंद केली. आता प्रत्येक नव्या प्रस्तावाला सुनावणीतून जावं लागतं. एखादा प्रकल्प थांबवण्यापेक्षा हा बदल मोठा आहे, कारण पुढच्या प्रत्येक शेजाऱ्याला त्याने बोलायची जागा दिली.

आपल्याकडे ती जागा कुठे आहे

समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातल्या डेटा सेंटर्सचा मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टा त्याचं केंद्र. यातली बरीच जमीन एमआयडीसीची आहे आणि तिथे नियोजन प्राधिकरणही एमआयडीसीच. जमीन आधीच औद्योगिक असल्यामुळे वापर बदलण्याचा प्रश्न येत नाही, आणि म्हणून ऐरोली-घणसोलीच्या रहिवाशाला हरकत घ्यायची ती पायरीच मिळत नाही. लाउडनच्या जुन्या ‘हक्काच्या’ वाटेशी हे बरंचसं जुळतं.

जिथे विकास आराखड्यात फेरबदल करावा लागतो, तिथे मात्र १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम ३७ लागू होतं. त्यात फेरबदलाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचनांसाठी एक महिना द्यावा लागतो. वस्तीजवळच्या जमिनीसाठी तोच महिना मोलाचा.

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, पण इमारतींच्या या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे. डेटा सेंटरची गणना साध्या इमारतीत होते, आणि आत जळणाऱ्या विजेचा, बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा विचार तिथल्या शेजाऱ्यांसमोर होत नाही. ही सूट डेटा सेंटरपुरती काढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर एक साधन हाती आहे: मंजुरीचे अर्ज आणि अटी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर असतात, आणि मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो वाचण्याचा हक्क कोणालाही आहे.

वाचताना, हरकत लिहिताना किंवा लोकप्रतिनिधीला भेटताना विचारायचे प्रश्न वर पाहिलेल्या कामकाजातूनच निघतात. शीतकरण कोणत्या पद्धतीचं, आणि मे महिन्यातल्या सर्वांत तापलेल्या दिवशी पाणी किती लागेल, ते कोणत्या स्रोतातून येईल? जनरेटर किती, चाचणी कधी, आणि आसपासच्या सगळ्या केंद्रांचा मिळून परिणाम कोणी मोजला का? वीज कोणत्या मार्गाने येणार, नवं सबस्टेशन कुठे? आवाज ‘ए’ आणि ‘सी’ या दोन्ही पट्ट्यांवर, रात्री, घराच्या भिंतीपाशी मोजला जाईल का, आणि मर्यादा ओलांडली तर काय होईल? कायम नोकऱ्या किती, आणि त्यात स्थानिकांचा वाटा किती?

या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर काही केंद्रं योग्य जागी, योग्य अटींवर उभी राहतील, आणि ती राहायलाच हवीत, कारण आपले फोन, बँका आणि दवाखाने त्यांच्यावर चालतात. उत्तरं मिळाली नाहीत तर विरोधाला भक्कम पाया मिळतो. प्रिन्स विल्यमच्या शेजाऱ्यांनी कागद वाचले, तारखा तपासल्या, मीटर लावले, मतदान केलं, आणि यातल्या प्रत्येक कामाने त्यांचं म्हणणं अधिक वजनदार झालं. आपल्याला हे काम परवानगीच्या आधी करायचं आहे. एकदा पंखे फिरू लागले की विनवणी उरते, अटी घालायची वेळ निघून गेलेली असते.